दिवाणखान्यातला समुद्र

माणसाने घरात काय पाळावे याला काही धरबंध असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्रा पाळा, पोपट पाळा, झेपत असेल तर म्हैस पाळा. ती निदान दूध देते. पण खाप्याच्या आमच्या साडूंनी दिवाणखान्यात समुद्र पाळायचे मनावर घेतले आहे. नुसते मासे नव्हेत, जिवंत प्रवाळ! ज्योतिषी मंगळासाठी बोटात घालायला सांगतात त्या पोवळ्याचे लांबचे भाऊबंद. खापा हे कन्हानच्या काठचे विणकरांचे गाव. कुठलाही समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत नाही. पण साडू म्हणतात, "तेच तं जी! इथं नाही म्हणूनच तं पाहिजे."

आता या समुद्राचा संसार ऐका. ३०० लिटरच्या टाकीला साडेदहा किलो मीठ लागते, आणि तेही वाण्याकडचे चालत नाही. नळाच्या पाण्यातले सगळे क्षार आधी गाळून काढायचे, मग विकतचे क्षार मोजून घालायचे. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. अल्कलिनिटी रोज सारखी, कारण या दोहोंतूनच प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा बांधते. साडूंच्या मातोश्रींची साखर महिन्यातून एकदा तपासतात. या पाण्याची तपासणी आठवड्यातून दोनदा!

शिवाय तापमान हवे २५-२६ अंश. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंश दाखवले. यंत्र बिघडले होते, असा हवामान खात्याने खुलासा केला. पण घामाने निथळणाऱ्या नागपूरकरांना यंत्रच खरे वाटले. तेव्हा टाकीचे पाणी गार करायला चिलर आला. वीज गेली तर? "जनरेटर ठेवू." म्हणजे आईला कूलर आणि प्रवाळाला चिलर अधिक जनरेटर. यावर मी काही बोलत नाही, कारण मातोश्रींचे बोलून झाले आहे.

एवढे करून मिळवायचे काय, तर रंग. आणि हा रंग बराचसा प्रवाळाचा स्वतःचा नसतोच. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातले बहुतेक घरमालकाला देते. भाड्याऐवजी रोजचा स्वयंपाक करणारा असा भाडेकरू पुण्या-मुंबईच्या घरमालकांना स्वप्नातही दिसत नाही. पण समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. भाडेकरू बाहेर पडतो, पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि लवकर समेट झाला नाही तर प्रवाळ उपाशी मरते. समुद्राला एक अंश तापायला काळ लागतो. खाप्याच्या टाकीला वीज गेलेली एक दुपार पुरे.

दुकानात मात्र सगळे झगमगते. का? तर वर निळा दिवा असतो. त्या उजेडात प्रवाळातली काही द्रव्ये हिरवी-गुलाबी चमकतात. घरी साध्या उजेडात तेच प्रवाळ पुष्कळदा तपकिरी दिसते. लुगडे घेताना दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन पोत आणि रंग पाहणारी आमची माणसे. त्यांनी विणकरांच्या गावात राहून निळ्या दिव्याखाली फसावे?

आणि आता मुख्य भांडण. कठीण सांगाड्याची झाडून सगळी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. पेंचचे जंगल खाप्याहून फार लांब नाही. तिथला वाघ आणून साडू सोफ्याला बांधतील का? मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेतली प्रवाळे २०२० मध्ये दुसरीकडे हलवायची होती, तर महापालिकेलाही परवानगी काढावी लागली. साडूंना वाटते दुकानदाराची पावती पुरेल.

"मी कुठं समुद्रातून तोडून आणतो जी? दुकानातून घेतो." हा युक्तिवाद हस्तिदंताच्या फण्या घेणाऱ्यांनीही केला होता. काही देशांत टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे कापून नवी प्रवाळे वाढवतात, हे खरे. ते लोक जीव ओतून करतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण आपल्याकडच्या दुकानातला तुकडा कुठून आला, हे दुकानदार सांगत नाही आणि साडू विचारत नाहीत. भरीव गोलसर जातीचे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. नारळाएवढा गोळा म्हणजे सात-आठ वर्षांची बांधणी, आणि ती काढायला एक छिन्नी आणि पाच मिनिटे. तीही कुठल्या दिवसांत? २०२४ मध्ये जगभरची प्रवाळे चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर पांढरी पडत असल्याचे जाहीर झाले, लक्षद्वीपची त्यात आलीच. घर जळत असताना खिडकीच्या चौकटी शोभेला पळवाव्यात, तसे हे.

रंगच पाहायचे आहेत ना? मग मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि तिथल्या प्रवाळाला चिलरही लागत नाही, जनरेटरही नाही. चिलरच्या पैशात साडू, मातोश्री आणि आम्ही दोघे असे सगळे जाऊन माशांची जेवणे जेवून परत येऊ. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय देऊन उभे राहायचे नाही, एवढे नावाडी सांगेलच. नाही सांगितले तर मातोश्री आहेत.