बंदी नको, कसोटी हवी

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की सेवाग्राम, पवनार आणि चरखा आठवतो. मोटारसायकल कोणाला आठवत नाही. तरीही भारतीय दुचाकी उद्योगाचे एक मूळ वर्ध्यातच सापडते. वर्ध्याचे सेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज १९४२ साली निवर्तले. पुढे तीन वर्षांनी त्यांच्या उद्योगसमूहात ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली. तिने १९४८ पासून परदेशी स्कूटर आयात केल्या आणि तिच्यातूनच पुढे ‘बजाज ऑटो’ उभी राहिली. इटलीच्या पियाज्यो कंपनीशी केलेल्या करारान्वये ही कंपनी १९७१ पर्यंत व्हेस्पाच्या धर्तीची स्कूटर बनवीत होती.

ही व्हेस्पा विमानविद्येची लेक होती, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. पियाज्यो ही युद्धकाळात विमाने बनवणारी कंपनी. युद्धानंतर तो धंदा बसला, तेव्हा कोर्रादिनो द’आस्कानियो या विमान अभियंत्याने १९४६ साली स्कूटरचा आराखडा केला. विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले आणि वेगळ्या सांगाड्याऐवजी पत्र्याचे अंगच भार पेलणारे, ही तिची वैशिष्ट्ये. जर्मनीतही असेच घडले होते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने विमान-इंजिने बनवण्यास मनाई केली आणि बीएमडब्ल्यू या इंजिन-कारखान्याने १९२३ साली आपली पहिली मोटारसायकल बाजारात आणली. गगनातील विद्या रस्त्यावर उतरण्यामागे हौस नव्हे, निकड होती.

हौशी कारागिराचे शास्त्र

परंतु हौसेचाही या इतिहासात वाटा आहे. हवाई यानांसाठी इंजिने पुरवणाऱ्या ग्लेन कर्टिस या अमेरिकन कारागिराने १९०७ साली आठ सिलिंडरांचे इंजिन दुचाकीवर चढवून ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेग गाठला. म्युनिकच्या मेगोला मोटारसायकलमध्ये पाच सिलिंडरांचे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले इंजिन थेट पुढच्या चाकातच बसवलेले होते. तिला ना क्लच होता ना गिअर. १९२१ ते १९२५ या काळात अशा सुमारे दोन हजार गाड्या विकल्या गेल्या. अलीकडे ऑस्ट्रेलियात हलक्या विमानांसाठी बनणारे सात सिलिंडरांचे रेडियल इंजिन काही अमेरिकन कारागिरांनी दुचाकीच्या सांगाड्यात बसवले आहे.

हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे, असे म्हणून विषय झटकणे सोपे आहे. पण त्यातील अडचणी पाहाव्यात. विमानाचे इंजिन एका गतीने तासन्‌तास चालावे म्हणून घडवलेले असते. रस्त्यावर मात्र क्षणोक्षणी थांबावे आणि निघावे लागते. समोरून येणारा वारा त्याला थंड ठेवतो. वाहतुकीत अडकलेल्या गाडीला तो वारा मिळत नाही. रेडियल इंजिन विमानाच्या पंख्यासाठी समोर तोंड करून बसते, म्हणून त्याची शक्ती काटकोनात वळवल्याशिवाय साखळीपर्यंत पोचत नाही. इंजिन उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल साचते, ते निराळेच. ही सर्व गणिते सोडवणारा माणूस खेळ करीत नसतो. तो उष्णता, कंपन आणि धातू यांचे शास्त्र हातांनी शिकत असतो.

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये किंवा आर्वीच्या गॅरेजमध्ये विमानाचे इंजिन येणार नाही, हे उघड आहे. पण मोडलेल्या यंत्राला दुसऱ्या यंत्राचा भाग बसवून ते चालते करणारे हात तेथेही आहेत. शेतकऱ्याच्या फवारणी यंत्रापासून पाण्याच्या पंपापर्यंत त्या हातांचाच आधार असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही जिल्ह्याची भांडवली संपत्ती आहे. तिची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

कायद्याची भिंत

या कारागिराने एखादी वेगळी दुचाकी घडवली तर तिचे काय होते? मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. पूर्णपणे नवे वाहन नोंदवायचे तर नमुन्याची मान्यता हवी. ती चाचणी घेणाऱ्या पुणे आणि अहिल्यानगर येथील संस्था आपल्याच राज्यात आहेत. परंतु ही सारी व्यवस्था हजारो वाहने काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे; एकच गाडी घडवणाऱ्याला तिचा खर्च पेलणारा नाही.

कायद्यामागील हेतू चुकीचा नाही. कर्णकर्कश सायलेन्सर लावून रात्री रस्ते दणाणून सोडणाऱ्यांना ‘संशोधक’ म्हणता येणार नाही. कमकुवत ब्रेकवर जास्त शक्तीचे इंजिन चढवणारा स्वतःबरोबर पादचाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो. म्हणून सरसकट मोकळीक देण्याची मागणी कोणी जबाबदार माणूस करणार नाही. परंतु गोंगाट करणारा आणि नवे घडवणारा या दोघांना एकाच दावणीला बांधणे हेही शहाणपणाचे नव्हे. वाहनात गॅसचे किंवा विजेचे संच बसवण्यासाठी कायद्याने अटींसह वाट करून दिलीच आहे. मग एका वाहनाच्या तपासणीची वाट का नसावी?

ब्रिटनमध्ये हौशी कारागिराने घडवलेल्या एकट्या मोटारसायकलचीही ब्रेक, दिवे, आवाज आणि बांधणी अशी तपासणी होते आणि उत्तीर्ण झाल्यास ती रस्त्यावर येते. आपल्याकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर विमान बांधले. दीर्घ खटपटीनंतर २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. म्हणजे घरी बांधलेल्या विमानाची नोंद होऊ शकली. घरी बांधलेल्या दुचाकीसाठी मात्र वाट नाही. ही विसंगती दूर करता येण्याजोगी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्राथमिक तपासणी करावी, परिवहन कार्यालयाने माफक शुल्कात अंतिम चाचणी घ्यावी, आणि वेग व क्षेत्र यांची मर्यादा घालून प्रायोगिक नोंदणी द्यावी; एवढी तरतूद पुरेशी आहे.

वर्ध्याचाच धडा

या बाबतीत वर्ध्याला परक्या आदर्शाची गरज नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. जमनालालजी या संघाचे कोषाध्यक्ष होते. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, झोपडीत चालवता यावा, आठ तासांत ठरावीक सूत निघावे, अशा अटी स्पष्ट शब्दांत मांडलेल्या होत्या. त्या अटींना पुरे पडणारे यंत्र मिळाले नाही आणि पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. कसोटी कठोर होती, पण ती सर्वांना खुली होती. १९३७ साली याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने हात आणि बुद्धी यांची फारकत करू नये, असा आग्रह धरला.

आज आपण तरुणांना कौशल्य विकासाचा उपदेश करतो, प्रमाणपत्रे वाटतो, आणि त्यांनी घडवलेले यंत्र मात्र दंडाच्या पावतीला पात्र ठरवतो. दहांतील नऊ यंत्रे कसोटीला उतरणार नाहीत, कदाचित दहाही उतरणार नाहीत. त्यांना खुशाल परत पाठवावे. परंतु परत पाठवलेल्या कारागिराला आपले काय चुकले ते कळते आणि तो पुन्हा कामाला लागतो. दारच बंद असले तर त्याला यातले काहीच कळत नाही.