लवादाचे मोल

६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांच्या आसनाखाली वालुकाश्माची एक ओबडधोबड शिळा ठेवलेली होती. समारंभापुरती ती स्कॉटलंडहून आणविली होती. त्या झगमगाटात तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल. परंतु आपल्या गादीचा वारस ठरविण्याचे काम बलाढ्य शेजाऱ्याच्या हाती सोपविले म्हणजे काय घडते, याची ती शिळा सातशे वर्षांची मूक साक्षीदार आहे.

१२८६ च्या मार्च महिन्यात एका वादळी रात्री फाइफच्या किनाऱ्यावर स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर घोड्यावरून पडून मरण पावला. त्याची तिन्ही अपत्ये त्याच्या आधीच निवर्तली होती. मागे राहिली ती जेमतेम तीन वर्षांची नात, नॉर्वेच्या राजाची कन्या मार्गारेट. सहा पालकांनी राज्याची धुरा उचलली. १२९० मध्ये बर्गमच्या तहाने तिचा विवाह इंग्लंडच्या युवराजाशी ठरला आणि स्कॉटलंडचे कायदे व स्वातंत्र्य अबाधित राखण्याचे वचनही मिळाले. परंतु त्याच वर्षी स्वदेशी येताना ऑर्कने बेटांवर ती बालिका दगावली, आणि गादीसाठी तेरा दावेदार पुढे सरसावले.

यादवीच्या भयाने इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला लवाद म्हणून पाचारण करण्यात आले. तो मृत राजाचा मेहुणा आणि कायद्याचा मर्मज्ञ. तेव्हा निवड गैर होती असे कोण म्हणेल? पण १२९१ मध्ये नॉरम येथे त्याने प्रथम काय मागितले, तर स्कॉटलंडवरील आपल्या अधिराज्यास मान्यता! राजाच नसताना त्याच्या वतीने अशी कबुली देण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे बाणेदार उत्तर स्कॉटिश धुरीणांनी दिले. दावेदारांनी मात्र मुकुटाच्या आशेने एकामागून एक माना तुकविल्या. देशाचे स्वातंत्र्य रणांगणावर नव्हे, तर उमेदवारांच्या रांगेत गहाण पडले.

पुढील निवाडा रीतसर झाला. १०४ पंच बसले. आणि १२९२ च्या नोव्हेंबरात थोरल्या मुलीच्या शाखेतील जॉन बॅलियल याचा हक्क धाकट्या शाखेतील ब्रूसहून वरचढ ठरला. ज्येष्ठत्वाच्या न्यायाने हा निर्णय वावगा नव्हता. वावगे होते ते न्यायाधीशाने आधीच वसूल केलेले शुल्क! स्कॉटिश खटल्यांची अपिले इंग्लंडात चालू लागली, खुद्द राजाला तेथे जाब देण्यासाठी जावे लागले. बॅलियलने फ्रान्सशी तह करताच १२९६ मध्ये एडवर्डने स्वारी केली, त्याला पदच्युत केले, आणि स्कॉटिश राजांच्या अभिषेकाची शिळा स्कून येथून उचलून लंडनला नेली.

यानंतर जे सिंहासन उभे राहिले, ते वंशावळीच्या आधाराने नव्हे. पराभूत दावेदाराचा नातू रॉबर्ट ब्रूस याने १३०६ मध्ये प्रतिस्पर्ध्याचा चर्चमध्ये वध करून मुकुट धारण केला. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु १३१४ च्या बॅनकबर्नच्या विजयानंतर, १३२० मध्ये, त्याच्याच सरदारांनी पोपला धाडलेल्या पत्रात एक विलक्षण अट नमूद केली: हा राजाही आम्हांला इंग्लंडच्या अंकित करू लागला, तर आम्ही त्याला दूर सारून दुसरा राजा करू. ही आजच्या अर्थाने लोकशाही नव्हे. तो सरदारांचा आवाज होता, सामान्य शेतकऱ्याचा नव्हे. तथापि राज्य राजाहून मोठे असते, हे तत्त्व त्यात निःसंदिग्धपणे उच्चारले गेले.

ती शिळा १९९६ मध्ये स्कॉटलंडला परत मिळाली आणि २०२४ पासून स्कूनपासून जवळच असलेल्या पर्थ नगरीत आहे. तिला परतण्यास सातशे वर्षे लागली. घरचा तंटा सोडविण्यास बाहेरचा माणूस बोलावणे सोपे असते. तो निवाडाही कदाचित योग्यच देईल. परंतु त्याला न्यायासनावर बसविण्यापूर्वी तो कशाच्या मोलाने तेथे बसतो आहे, हे विचारण्याचे धैर्य ज्या राष्ट्रापाशी नाही, त्याला निवाडा मिळतो, न्याय मिळत नाही.