पाच यार्डांचा माणूस

अप्रेझलचा सीझन म्हणजे आम्हा मॅनेजर लोकांची बोर्डाची परीक्षा. बारा जणांचे बारा फॉर्म, प्रत्येकात 'इम्प्रूव्हमेंट एरिया' नावाचा एक रिकामा चौकोन, आणि तो भरलाच पाहिजे असा एचआरचा दम. आता ज्याच्यात खोट सापडत नाही अशा माणसाच्या चौकोनात लिहायचं काय? माझं उत्तर ठरलेलं. 'अजून अ‍ॅग्रेसिव्ह व्हायला हवं.' दिसायला भारदस्त, लिहायला सोपं, आणि 'म्हणजे नेमकं काय करू?' असं उलट विचारायची कुणाची टाप नाही.

यंदा एकानं विचारलं.

हा मुलगा म्हणजे आमच्या टीमचा कणा. काम चोख, डेडलाइन कधी चुकलेली नाही. पण क्लायंटच्या कॉलवर बसला की तोंडात मिठाची गुळणी. याला सोमवारी सुचलेली आयडिया गुरुवारी दुसराच कुणीतरी मांडतो, टाळ्या घेतो, आणि हा आपला शांतपणे मिनिट्स लिहितो. फॉर्म वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मॅम, हे म्हणजे अ‍ॅलेक्स स्मिथला लांब फेक म्हणून सांगण्यासारखं आहे."

"कोण स्मिथ? कुठल्या प्रोजेक्टवर आहे?"

तर मंडळी, हा मुलगा दीड वर्ष ऑनसाइट होता, कॅन्सस सिटीला. तिकडून लोक चॉकलेटं आणतात, यानं चीफ्स नावाच्या फुटबॉल टीमचं वेड आणलं. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात तो. पुढचा पाऊण तास अप्रेझल माझंच झालं.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. जमलं तर नवे चार प्रयत्न. तीन प्रयत्नांत नाही जमलं, तर चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या ताब्यात देऊन टाकायचा. आणि हे सगळं चालवणारा माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. हातात चेंडू आल्यावर त्याला मिळतात दोन-तीन सेकंद. समोरून सव्वाशे किलोची धुडं अंगावर येत असतात आणि तेवढ्यात ठरवायचं, लांब पळणाऱ्याकडे फेकायचा की जवळ उभ्या असलेल्याला हळूच द्यायचा. लांब फेकला तर टचडाउन होऊ शकतं, नाहीतर समोरचाच झेलतो. त्याला म्हणतात इंटरसेप्शन. जवळ दिला तर धोका कमी.

अ‍ॅलेक्स स्मिथ जवळ द्यायचा. नऊ यार्ड हवे असताना पाच यार्डांचा पास. झेल पक्का, आकडेवारी देखणी, आणि चेंडू समोरच्यांकडे. आपल्या गावसकरांनी १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध ६० ओव्हर्स खेळून केलेले नाबाद ३६ आठवा. आऊट झाले नाहीत हे खरंच, पण हव्या होत्या ३३५! गावसकरांची ती एक इनिंग होती, स्मिथची मात्र ख्यातीच झाली. पास हव्या त्या रेषेच्या किती अलीकडे किंवा पलीकडे पडला, हे मोजणारं एक परिमाण आकडेवारीवाल्यांनी काढलं आणि त्याचं नावच ठेवलं 'अ‍ॅलेक्स'. २०१४ च्या साखळी सामन्यांत, सोळाच्या सोळा मॅचमध्ये, चीफ्सच्या एकाही वाइड रिसीव्हरनं टचडाउनचा पास झेलला नाही.

"भित्रा आहे मग," मी निकाल दिला.

"मॅम, आधी त्याची हिस्ट्री बघा."

हिस्ट्री अशी. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे त्यांच्या कॅम्पस प्लेसमेंटमध्ये म्हणा ना, स्मिथ अख्ख्या देशात पहिल्या नंबरवर निवडला गेला. वय २०. टीम सॅन फ्रान्सिस्को. पहिल्या सीझनला टचडाउन पास १, इंटरसेप्शन ११. पेपरवाल्यांनी धुतला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मग खांद्याची दुखापत, २००८ चा अख्खा सीझन बाहेर. त्यात जवळपास दर वर्षी आक्रमणाचा कोच नवा, म्हणजे दर वर्षी बॉस नवा आणि पद्धतही नवी. अशा ठिकाणी माणूस काय शिकेल? चूक टाळायला. तो शिकला. २०११ मध्ये फक्त ५ इंटरसेप्शन, आणि टीमनं १६ पैकी १३ मॅच जिंकल्या. पुढच्या वर्षी डोक्याला मार लागून बाहेर बसला, तेवढ्यात जागा दुसऱ्याला मिळाली आणि ती परत मिळालीच नाही. २०१३ मध्ये तो चीफ्सकडे आला तो हे सगळं गाठीशी बांधून.

तर सावधपणा हा त्याचा स्वभाव होता की त्याला दिलेलं ट्रेनिंग? मी गप्प.

आता २०१७ चा सीन बघा. चीफ्सनी ड्राफ्टमध्ये २७ व्या नंबरवरून १० व्यावर उडी मारली, त्यासाठी पुढचे चान्स मोजले आणि पॅट्रिक माहोम्स नावाचा तोफखाना उचलला. म्हणजे स्मिथची खुर्ची घ्यायला माणूस त्याच्याच केबिनमध्ये आणून बसवला. पण त्याच वेळी कोच अँडी रीड यांनी स्पष्ट केलं, यंदाचा क्वार्टरबॅक स्मिथच.

आणि सप्टेंबरमध्ये पहिलीच मॅच, गतविजेत्या न्यू इंग्लंडच्या घरात. आपल्याकडे शुक्रवारची सकाळ. पाच यार्डांच्या माणसानं ३६८ यार्ड फेकले. चार टचडाउन पास, त्यातला एक ७५ यार्डांचा आणि एक ७८ यार्डांचा. चीफ्स ४२, न्यू इंग्लंड २७. सीझन संपला तेव्हा स्मिथचं पासर रेटिंग लीगमध्ये सगळ्यांत वरचं होतं आणि त्याच्या नावावर २६ टचडाउन पास होते. इंटरसेप्शन? तेव्हाही फक्त ५.

म्हणजे बघा, अ‍ॅग्रेसिव्ह होणं म्हणजे डोळे मिटून भिरकावणं नव्हे. टायरिक हिलसारखे वाऱ्यासारखे पळणारे हाताशी होते, लांबचा पास मोकळा मिळेल अशा चाली आखल्या होत्या, आणि वर्षभर जागा पक्की होती. आमच्या चिरंजीवांची थिअरी अशी, की या तीन गोष्टींनी तो हात सैल झाला. कुणी फॉर्मवर 'अजून अ‍ॅग्रेसिव्ह' लिहिल्यानं नव्हे.

"मग शेवट गोड?" मी उत्साहानं विचारलं.

कसला गोड! जानेवारी २०१८ मध्ये प्लेऑफला चीफ्स २१-३ असे पुढे होते आणि २२-२१ अशी मॅच हरले. महिना संपायच्या आत स्मिथच्या ट्रेडची बातमी आली. वॉशिंग्टन. माहोम्सनं पुढच्याच सीझनला ५० टचडाउन पास फेकले.

"मग फायदा काय झाला रे धाडस करून? जागा गेलीच ना?"

"जागा जाणारच होती, मॅम. पण जाताना ९.४ कोटी डॉलरचं नवं कॉन्ट्रॅक्ट घेऊन गेला. पाच यार्डवाल्याला कुणी दिलं असतं?" आणि मग जरा थांबून, "आणि भित्रा म्हणालात ना? २०१८ मध्ये त्याचा पाय मोडला. १७ ऑपरेशन्स झाली. २०२० मध्ये तो परत मैदानात उतरला."

शब्द मागे घेतला.

मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण होतं. "मी कॉलवर लांबचा पास टाकीन. पण तो इंटरसेप्ट झाला, तर तुम्ही काय कराल?"

मला एकदम दोन वर्षांपूर्वीचा एक मेल आठवला. यानं तेव्हा क्लायंटला सरळ सांगितलं होतं, की ही तारीख जमणार नाही. क्लायंट भडकला. मी ताबडतोब खुलाशाचा मेल टाकला, त्यात याचं नाव लिहिलं, आणि वरच्या चौघांना सीसीत ठेवलं. तारीख जमली नाहीच, हे वेगळं. पण तेव्हापासून हा मिनिट्स लिहितो. त्याचं ट्रेनिंग मीच दिलं होतं की!

त्याच्या फॉर्मवरचा तो चौकोन मी खोडला. आमचं ठरलं ते इतकंच. बुधवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं त्याची. काय बोलणार ते आदल्या दिवशी मला सांगायचं. आणि गडबड झाली तर मेल माझ्या नावानं जाईल, 'आम्ही ठरवलं' या शब्दांत.

परवाचा पहिला बुधवार. त्यानं क्लायंटला सांगितलं, तुमचं हे डिझाइन लोड आला की झोपेल. पलीकडे शांतता. मग एक कोरडं 'बघू'. कॉल संपल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. मेल तयार होता, खाली माझं नाव होतं, सीसीत तेच चौघं.

क्लायंटचं उत्तर अजून आलेलं नाही. पोटात गोळा आहे, आणि या वेळी तो माझ्या पोटात आहे. तुमच्या टीममध्येही असेल असा एखादा पाच यार्डवाला. त्याला लांब फेक म्हणायच्या आधी तुमचा सेंट फोल्डर एकदा उघडून बघा.