पार्सलवर 'गिफ्ट' लिहू नका



आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्यातल्या कितीतरी जणी घरी तोरणं, जपमाळेच्या पिशव्या, हातानं भरलेले रुमाल बनवून ऑनलाइन विकतात. परदेशातल्या आपल्या माणसांकडून मागणीही येते. पण २०२५ मध्ये अमेरिकेचं पार्सल महागलं आणि व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागला : "विक्री लिहूच नका, गिफ्ट लिहा. किंमत शंभर डॉलरच्या आत दाखवा. कोण बघतंय?"

या सल्ल्याला माझा साफ विरोध आहे.

आधी झालं काय, ते बघू. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनशुल्क जात होतं. २९ ऑगस्ट २०२५ ला ही सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याच आठवड्यात भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. आपल्या टपाल खात्यानं काही आठवडे अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क इथेच आगाऊ भरायचं ठरलं. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना मात्र सूट राहिली. सगळ्यांचा डोळा आहे तो या सुटीवर.

आता बी.कॉम.च्या सवयीनं हिशेब मांडते. समजा, तोरण ₹२,००० चं, टपालखर्च ₹१,८००, शुल्क ₹१,०००. एकूण ₹४,८००. 'गिफ्ट' लिहून वाचले ₹१,०००. पण ₹१,८०० कुठे गेले? ते तसेच राहिले! कंटेनरनं माल पाठवणारा व्यापारी वाहतूक हजारो नगांवर वाटतो, आपल्याकडे ती सगळी एकट्या तोरणावर बसते. म्हणजे मोठं ओझं हलत नाही आणि खोट्याची सही मात्र आपली होते. वर पार्सल हरवलं, तर भरपाई कुठल्या तोंडानं मागणार? कागदावर किंमत कमी, बँकेत आलेली रक्कम जास्त. कुणी विचारलं तर काय दाखवणार?

"मोठे लोक कोट्यवधी बुडवतात, आमच्या हजार रुपयांनी काय होतंय?" असं एकीनं मला विचारलं. अचौर्य अणुव्रताला रकमेची मर्यादा आहे का गं? तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगितलेत, त्यात 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे, म्हणजे राज्याचे व्यापाराचे नियम ओलांडून व्यवहार करणं. खोटी मापं वापरणंही त्याच यादीत आहे. अर्जावर चुकीची किंमत लिहिणं हे खोटं माप नाही तर दुसरं काय? रात्री पाणी पिताना विचार करणाऱ्या आपण, सही करताना करायला नको?

"कर अन्यायाचा आहे" हे मात्र मला मान्य आहे. हातानं एकेक वस्तू करणारीला कारखानदाराइतकाच दर लावणं मला पटत नाही. त्याविरुद्ध बोला, निवेदनं द्या, आपल्या खासदाराला लिहा. पण चोरून पाठवलेल्या पार्सलातून निषेध होत नसतो. उलट खऱ्या भेटींकडेही संशयानं पाहिलं जाईल. नातवाला आजीनं पाठवलेला स्वेटरसुद्धा मग अडकेल.

सवलत परत येईल म्हणून वाट बघू नका. ब्रिटननं १५ पौंडांपर्यंतची आयात व्हॅटसूट १ जानेवारी २०२१ ला काढली, युरोपीय संघानं २२ युरोंपर्यंतची १ जुलै २०२१ ला. वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते दिसतंच आहे.

मग करायचं काय? वस्तूची किंमत, टपालखर्च आणि शुल्क असे तीन आकडे ऑर्डर घेतानाच वेगळे सांगा. शुल्क आगाऊ भरा. ते दारात मागितलं गेलं तर गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि नुकसान आपलं होतं. दोन-तीन वस्तू एकत्र मागवायला सांगा, म्हणजे दर नगामागे टपालखर्च कमी पडतो. 'फ्री डिलिव्हरी'ची पाटी आजच काढा. टपाल फुकट नसतं, तो खर्च तुमच्या मजुरीतून जातो. आणि दर बदलत राहतात, म्हणून प्रत्येक वेळी टपाल कार्यालयात विचारूनच आकडा सांगा.

काही गिऱ्हाइकं तुटतील. तुटू देत. "गिफ्ट लिहून पाठव ना" म्हणणाऱ्या मावसबहिणीलाही नाही म्हणा. तिला तोरण स्वस्तात हवंय, पण अर्जावर नाव तुमचं आहे.

जय जिनेंद्र.