रोजच्या दंडाचे दिवस कोठून मोजावयाचे?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराला रोजच्या दंडाची ओळख कायद्याच्या पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. कोयता एक दिवस थांबला की मुकादम खाडा लावतो. 2019 साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले, तेव्हा हा खाडा दिवसाला 500 रुपये असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. खाड्याला कायद्याचा कसलाच आधार नाही. नगरपालिकेच्या रोजच्या दंडाला तो आहे. म्हणूनच तो कोठपर्यंत पोचतो, हे कार्यकर्त्यांनी नीट पाहिले पाहिजे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 यातील कलम 52 ने विनापरवाना बांधकामास कैद आणि दंड सांगितला, व गुन्हा चालू राहिल्यास दररोज 200 रुपयांपर्यंत जादा दंडाची तरतूद केली. परंतु हे दिवस पहिल्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरल्यानंतरचे आहेत, नोटिशीच्या तारखेपासूनचे नव्हेत. दोषी ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. कारकुनाचा नव्हे आणि मुख्याधिकाऱ्याचाही नव्हे. ‘अमुक तारखेपासून रोज इतके रुपये’ असा आकडा या कलमाच्या नावाने नोटिशीत घालून पैसे घेतले, तर त्याला दंड म्हणता येणार नाही. दंडाधिकाऱ्यालाही पुढल्या दिवसांचा दंड आजच्या निकालात ठोठावता येत नाही. जो गुन्हा अद्याप घडलेलाच नाही त्याची शिक्षा आज कशी देणार? असे हुकूम कलकत्ता उच्च न्यायालयाने ब्रिटिश अमदानीतच बेकायदा ठरविले होते. वाढीव दिवसांसाठी नवा खटला, नवा पुरावा आणि आरोपीचे म्हणणे ऐकणे आवश्यक ठरते.

एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको, हे संविधानाच्या अनुच्छेद 20 मधील संरक्षण येथे आड येते काय? येत नाही; कारण चालू गुन्ह्यात प्रत्येक दिवसाचे उल्लंघन वेगळे असते. मात्र गुन्हा खरोखर चालू स्वरूपाचा हवा. बिहार राज्य विरुद्ध देवकरण नेनशी या 1972 च्या खटल्यात दगडखाणीचे वार्षिक विवरण मुदतीत न देणे हा मुदत उलटताच पुरा झालेला गुन्हा आहे, तो रोज नव्याने घडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्या न्यायाने परवान्याविना भिंत उभी करणे वेगळे आणि ती काढण्याचा आदेश न पाळणे वेगळे. रोजच्या दंडाचा खरा पाया दुसऱ्या प्रकारात आहे.

तेव्हा रोजचा दंड सरसकट रद्द करा, ही मागणी चुकीची ठरेल. तिचा लाभ बाजारपेठेत मजल्यावर मजले चढविणाऱ्यालाच होईल. खरे तर त्याच्या दृष्टीने ही शिक्षाच नव्हे. 200 रुपयांप्रमाणे वर्षाचे 73,000 होतात. मोक्याच्या जागेवरील गाळ्यांचे भाडे त्याहून कितीतरी अधिक येते. दंड भरून बांधकाम राखणे हा त्याच्यासाठी निव्वळ व्यवहार असतो. मजुराने घरालगत उभारलेल्या पत्र्याच्या खोलीला मात्र तोच दर चुलीपर्यंत जाऊन भिडतो. कायद्यातील ‘पर्यंत’ हा शब्द दंडाधिकाऱ्याला तारतम्य राखण्याची मुभा देतो. पण वकील लावण्याची ऐपत नसलेला माणूस गुन्हा कबूल करून मोकळा होतो आणि त्या शब्दावर युक्तिवाद होतच नाही.

माजलगाव, धारूर, गेवराई या नगरपालिकांच्या हद्दीत दसऱ्या-दिवाळीनंतर अनेक घरांना कुलपे लागतात. नोटीस बंद दारावर डकविली की बजावणी झाली असे मानले जाते. तिची मुदत संपते तेव्हा घरधनी सांगली-कोल्हापूरकडील फडात ऊस तोडीत असतो. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हंगामात अशा दारांवरून एक फेरी मारावी, नोटिशीची तारीख व कलम उतरवून घ्यावे, आणि कुटुंब कोणत्या कारखान्यावर आहे हे लिहून मुदतवाढीचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.