परिपत्रक आणि पाळणा

२५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी एका परिपत्रकावर सही केली. ‘ह्युमाने व्हिटे’ हे त्याचे लॅटिन नाव. ‘मानवी जीवनाविषयी’ असा त्याचा अर्थ. चार दिवसांनी ते जगापुढे आले आणि कॅथलिक समाजात जी खळबळ उडाली ती आजही पुरती शमलेली नाही. परिपत्रकाचे सार थोडक्यात सांगता येते. पतिपत्नींच्या संबंधात परस्परांवरील प्रेम आणि संततीची शक्यता या दोन गोष्टी देवाने एकत्र गुंफल्या आहेत. माणसाने त्या आपल्या हाताने वेगळ्या करू नयेत. म्हणून गोळ्या, निरोध, नसबंदी ही सारी कृत्रिम साधने वर्ज्य.

आपल्याकडचा सुशिक्षित माणूस हे ऐकतो आणि हसतो. ‘ब्रह्मचाऱ्यांना संसारातले काय कळते?’ हा शेरा तर ठरलेलाच. मला हे हसणे जरा घाईचे वाटते. त्या परिपत्रकाच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ कॅथलिकांचा नाही. घरात पाळणा केव्हा हलायचा आणि केव्हा थांबायचा, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नातून कोणता धर्म, कोणती जात, कोणते घर सुटले आहे?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘देव देईल तितकी मुले होऊ द्या’ असे कॅथलिक चर्च सांगते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. १९३० च्या ऑगस्टमध्ये अँग्लिकन बिशपांनी इंग्लंडमधील लॅम्बेथ येथील परिषदेत काही मर्यादित परिस्थितीत संततिनियमनाच्या साधनांना मोकळीक दिली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोन्नुबिइ’ या परिपत्रकातून त्या साधनांना कडाडून विरोध केला. पण मुले मोजकी असावीत या इच्छेलाच त्यांनी पाप ठरवले नव्हते. दरम्यान जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांच्या संशोधनातून स्त्रीच्या मासिक चक्रातले गर्भधारणेचे दिवस कोणते, याचा अंदाज बांधता येऊ लागला होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी इटलीतील सुईणींपुढे बोलताना, गंभीर कारण असेल तर ‘सुरक्षित दिवसां’चा आधार घेण्यास स्पष्ट मान्यता दिली. तेव्हा वाद आहे तो मुलांच्या संख्येचा नव्हे, मार्गाचा आहे. नदीला उतार पडेपर्यंत काठावर थांबणे वेगळे आणि नदीलाच बांध घालणे वेगळे, असा काहीसा हा विचार आहे. तो पटो वा न पटो, त्याला विचार म्हणावेच लागेल.

१९६० मध्ये अमेरिकेत संततिनियमनाच्या गोळीला अधिकृत परवानगी मिळाली आणि या भेदाचा कस लागला. ती गोळी सिद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते बोस्टनचे डॉ. जॉन रॉक हे स्वतः निष्ठावंत कॅथलिक होते. गोळी शरीराच्या नैसर्गिक चक्रालाच पुढे चालवते, मग तिला कृत्रिम का म्हणायचे, असा त्यांचा सवाल होता. १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या विषयावर एक आयोग नेमला. त्यांच्यानंतर आलेल्या सहाव्या पॉल यांनी तो वाढवत नेला. अखेरीस त्यात सत्तरहून अधिक सदस्य होते. धर्मशास्त्री, डॉक्टर, लोकसंख्येचे अभ्यासक आणि, विशेष म्हणजे, संसारी जोडपीही. शिकागोचे पॅट आणि पॅटी क्राउली हे दांपत्य त्यांपैकीच. त्यांनी ठिकठिकाणच्या श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबांकडून पत्रे मागवली. दिनदर्शिकेवर खुणा करत, तापमापकाकडे बघत काढलेली वर्षे, दर महिन्याची धास्ती, नवराबायकोत आलेला दुरावा हे सारे त्या पत्रांमधून आयोगापुढे आले. आयोगावर पुढे जे बिशप आणि कार्डिनल घेतले गेले त्यांत आपल्या मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हेही होते. पुढे पोप दुसरे जॉन पॉल झालेले क्राकोचे कारोल वोयतिला यांचेही नाव यादीत होते. मात्र शेवटच्या निर्णायक बैठकीला ते हजर नव्हते.

१९६६ मध्ये आयोगाच्या बहुमताने कौल दिला तो बदलाच्या बाजूने. एकंदर वैवाहिक जीवन अपत्यांचे स्वागत करणारे असले, तर साधन कोणते वापरायचे हे त्या जोडप्याच्या विवेकावर सोडावे, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी तो अहवाल वृत्तपत्रांत फुटला. आणि त्याच्याही पुढच्या वर्षी पोपमहाशयांनी बहुमत बाजूला ठेवून जुनाच नियम कायम केला.

नोकरीची सारी वर्षे बँकेत गेल्यामुळे परिपत्रकांशी माझा जुना परिचय आहे. ज्याने वर्षानुवर्षे ग्राहकाचे तोंड पाहिलेले नाही असा साहेब मुख्य कार्यालयात बसून परिपत्रक काढतो, आणि काउंटरवरचा कारकून त्यातून वाट काढत लोकांची कामे करतो. रोमचे प्रकरण याहून दुखरे आहे. तेथे काउंटरवरच्या माणसांना मुख्य कार्यालयात बोलावले गेले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले, नोंदवलेही गेले, आणि मग त्याच्या उलट परिपत्रक निघाले. न विचारल्याचे दुःख माणूस गिळतो. विचारून न ऐकल्याचे विसरत नाही. जर्मनीच्या आणि कॅनडाच्या बिशपांनी त्याच वर्षी आपापल्या निवेदनांत जोडप्यांच्या सदसद्विवेकाला जागा ठेवली, ती याच जाणिवेतून असावी.

पण सहाव्या पॉल यांची बाजूही नीट पाहिली पाहिजे. शतकानुशतके जे चूक म्हणून शिकवले ते एका सहीने बरोबर ठरवले, तर उद्या कोणत्या शिकवणुकीवर विश्वास ठेवायचा, ही त्यांची चिंता पोकळ नव्हती. शिवाय परिपत्रकात त्यांनी काही धोके सांगून ठेवले होते. साधने हाती आली की पुरुष स्त्रीकडे केवळ उपभोगाचे माध्यम म्हणून पाहू लागेल, हा एक. आणि ही साधने सरकारांच्या हाती पडली तर ती लोकांवर लादली जातील, हा दुसरा.

हा दुसरा धोका किती खरा होता, हे आपल्याला बाहेरच्या कोणी सांगायला नको. आठच वर्षांनी, १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात या देशात एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. शिक्षक-तलाठ्यांना आकडे वाटून दिले गेले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करण्याचा मान तर आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मिळवला! राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. शेजारच्या चीनमध्ये एकाच अपत्याचा नियम १९८० च्या सुमारास आला तो २०१५ च्या अखेरीपर्यंत टिकला. त्या काळी सरकारला नैतिक पायावर ‘नाही’ म्हणणाऱ्या मोजक्या आवाजांत कॅथलिक चर्चचा आवाज होता, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मग घोडे कुठे पेंड खाते? आयर्लंडकडे पाहू. तेथे १९३५ च्या कायद्याने संततिनियमनाच्या साधनांची विक्री आणि आयात बंद होती. मेरी मॅगी ही चार मुलांची आई. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावलेले. तिने डॉक्टरांच्याच सल्ल्याने इंग्लंडहून औषध मागवले आणि कस्टम्सने ते जप्त केले. १९७३ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, विवाहित जोडप्याच्या खासगी निर्णयात शासनाने अशी ढवळाढवळ करू नये. आपल्याकडे सरकारने ‘मूल होऊ द्यायचे नाही’ म्हणून दंडुका उगारला. तेथे सरकारने धर्माच्या छायेत ‘मूल रोखायचे नाही’ म्हणून. आज्ञा उलट, दंडुका तोच. जी सक्ती सहाव्या पॉल यांना एका बाजूने स्पष्ट दिसली, तिचीच दुसरी बाजू चर्चच्या नजरेतून निसटली.

सुरक्षित दिवसांच्या मार्गाबद्दलही असेच म्हणावे लागते. मेलबर्नच्या डॉ. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने ती पद्धत बरीच सुधारली. ती मनापासून पाळणारी जोडपी सांगतात की, त्यामुळे आमच्यातला संवाद वाढला. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण दिवस ओळखण्याचे काम बाईचे आणि पाळण्याचे काम दोघांचे. ज्या घरात नवरा रात्री झिंगून येतो, तेथे भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मात्रा कशी चालणार?

नोकरीच्या काळात वसईकडच्या एका शाखेत मी काही वर्षे होतो. शेतीकर्जाच्या कागदांसोबत कॅथलिक शेतकऱ्यांचे सातबारा येत. वडिलांच्या पिढीत सात-सात, आठ-आठ भावंडांची नावे. त्याच घरातला कर्जदार मात्र दोन मुलांचा बाप. रविवारी देवळात हीच मंडळी पहिल्या बाकावर. कोणी बंड केले नव्हते, कोणी धर्म सोडला नव्हता. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील ख्रिस्ती स्त्रीमागे सरासरी अपत्ये दोनपेक्षा थोडी कमीच आहेत. व्हॅटिकनच्या अंगणातल्या इटलीत तर ती सव्वाच्याही खाली आली आहेत. म्हणजे परिपत्रक आपल्या जागी आणि संसार आपल्या जागी. मधे एक मोठे मौन. कादंबरीकाराला असे मौन फार मोलाचे वाटते, पण माणसांना ते सोसावे लागते. जो नियम पाळलाही जात नाही आणि बदललाही जात नाही, तो निर्ढावलेल्याला काहीच करत नाही. छळतो तो फक्त सर्वांत पापभीरू माणसाला.

आता थोडे आपल्याकडे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अखेरपर्यंत चालवले. त्यांची हेटाळणी करणारे पोपचे अनुयायी नव्हते, आपलेच लोक होते. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा साधनांऐवजी संयमाचा आग्रह गांधीजींनी धरला, तोही रोमपेक्षा कडक. आणि आज? त्याच पाहणीप्रमाणे दर शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे अडतीस जणींची नसबंदी झाली आहे. नवऱ्याची झाली अशा शंभरात एकही भरत नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही! छोट्या कुटुंबासाठी नोकरदारांना खास वेतनवाढ मिळे, तेव्हाचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत. सोबतचे प्रमाणपत्र बहुधा बायकोच्या शस्त्रक्रियेचे असे आणि वेतनवाढ नवऱ्याच्या पगारात जमा होई. तेव्हा पोपला हसण्याआधी हा हिशेबही मांडावा.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये, चांगल्या कॅथलिकाने सशांसारखी प्रजा वाढवली पाहिजे असे नाही, असे बोलून दाखवले. विवाहावरील २०१६ च्या आपल्या पत्रात, धर्मगुरूंनी लोकांच्या विवेकाला वळण द्यावे, त्याची जागा घेऊ नये, असाही विचार त्यांनी मांडला. तरी १९६८ चा नियम त्यांनी बदलला नाही. उलट २०१८ मध्ये सहाव्या पॉल यांना संतपद दिले.

मला वाटते, चर्चने या शिकवणुकीचा गाभा जरूर जपावा. विवाह म्हणजे दोन ग्राहकांचा करार नव्हे आणि मूल म्हणजे घरखर्चाच्या वहीतली एक नोंद नव्हे, हे आजच्या काळाला कोणीतरी ठणकावून सांगायलाच हवे. पण मार्ग कोणता, हे त्या दोघांवर सोडावे. आणि दोघांतही आधी तिचे ऐकावे. नऊ महिने ओझे तिचे, शस्त्रक्रियेचे टाके तिचे, रात्रीची जागरणेही बहुधा तिचीच. धर्मपीठाने, सरकारने आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने आजवर तिच्यासाठी पुष्कळ परिपत्रके काढली. आता निदान मसुदा तरी तिला लिहू द्यावा.