तापणारें इंजिन आणि मालकाचें कर्तव्य

सुगीचे दिवस आले म्हणजे ट्रॅक्टरचें इंजिन तापल्याच्या तक्रारी गांवोगांव ऐकूं येऊं लागतात. सोयाबीनची मळणी चाललेली असते, आभाळ भरून आल्यामुळें मालक घाईस आलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं उष्णतेचा कांटा लाल भागांत शिरतो. अशा वेळीं बादलीभर विहिरीचें पाणी ओतावें, घटकाभर थांबावें आणि पुन्हां काम सुरू करावें, हा सर्वत्र रूढ झालेला उपाय होय. तो चालेनासा झाला म्हणजे मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेंकतो, आणि सरतेशेवटीं हेड उघडण्याची पाळी येते. इतकें होईपर्यंत उष्णता कां वाढली, हा प्रश्न कोणीं विचारलेलाच नसतो. स्वस्त व सोपी तपासणी आधीं आणि खर्चाची मागाहून, हा क्रम मालकानें स्वतः पाळल्यास यांतील पुष्कळ हानि टळेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिली तपासणी बाहेरूनच करावयाची. मळणीच्या वेळीं ट्रॅक्टर एका जागीं उभा राहून मळणीयंत्र फिरवितो. उडणारा भुसा पंख्याच्या ओढीनें येऊन रेडिएटरच्या बारीक फटींत बसतो. आंत पाणी भरपूर असलें तरी फटींतून वारा न गेल्यास त्या पाण्याची उष्णता बाहेर पडणार कशी? इंजिन बंद व थंड असतांना ही जाळी इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस, हवेनें अथवा पाण्याच्या हलक्या धारेनें साफ करावी. जोराच्या धारेनें पातळ पत्रे वांकतात. त्यानंतर पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबून पाहावा. तो बहुधा एक ते दीड सेंटिमीटर दबावा असें धरतात. नेमकें माप यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें असतें. मग पाण्याची पातळी, रबरी नळ्या, तेलाची पातळी आणि रेडिएटरचें झांकण पाहावें. हें झांकण आंतील दाब राखतें. एक बार इतक्या जादा दाबाखालीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांस उकळतें. तेव्हां झांकणाचें रबर गेलेलें असल्यास एरव्हीं निर्दोष असलेलें इंजिनही उकळूं लागतें. या सर्वांस अर्धा तास पुरे होतो व खर्च कांहींच नाहीं.

एवढ्यानें दोष न सांपडल्यास आंतील भागांकडे वळावें. वरची नळी कढत आणि खालची थंड राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीं किंवा रेडिएटर आंतून तुंबला आहे, असा संशय घ्यावा. थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या घरीं होते. तो पातेल्यांतील पाण्यांत दोरीनें टांगून पाणी तापवावें व त्यांत उष्णतामापक धरावा. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या अंशांच्या सुमारास, म्हणजे बहुधा ८० ते ९० च्या दरम्यान, तो उघडूं लागला पाहिजे. रेडिएटरच्या पाण्यांत सारखे बुडबुडे येणें, तेल दुधाळ होणें, धुराड्यांतून पांढरी वाफ निघत राहणें, हीं हेड गॅस्केट गेल्याचीं लक्षणें होत. तीं दिसलीं म्हणजे मात्र मिस्त्रीस हेड उघडूं द्यावें.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या प्रघाताचा आम्ही निषेध करितों. दोष रेडिएटरचा आणि शिक्षा थर्मोस्टॅटला, असा हा न्याय आहे. थर्मोस्टॅट नसलेलें इंजिन हलक्या कामांत पुरेसें तापत नाहीं. इंधन नीट जळत नाहीं व सिलिंडरची झीज वाढते. शिवाय कित्येक इंजिनांत पाण्याचा कांहीं भाग रेडिएटरकडे न जातां आडवाटेनेंच परत फिरतो, आणि भाराखालीं उष्णता उलट वाढते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. त्याची जागा रिकामी ठेवूं नये.

पाण्याविषयींही अशीच बेपर्वाई आढळते. कठीण पाणी तापलें म्हणजे त्यांतील क्षार भांड्यास धरतो, तसाच तो इंजिनाच्या आंतील वाटांसही धरतो, आणि त्या थरांतून उष्णता सहज बाहेर येत नाहीं. १९१७ सालीं निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरांत पाण्याचा पंपही नव्हता. तापलेलें पाणी वर चढतें, या धर्मावरच तें फिरत असे. तें यंत्र सुमारें २० अश्वशक्तीचें होतें. आज आपण त्याच्या दुप्पट शक्तीचीं यंत्रें दिवसभर भाराखालीं चालवितों. त्यांस कोणतेंही पाणी चालेल, ही समजूत सोडली पाहिजे. यंत्राच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट, सांगितलेल्या प्रमाणांत, शुद्ध पाण्याबरोबर घालावें. मात्र बहुतेक कूलंटमधील ग्लायकोल हें द्रव्य चवीस गोड असून विषारी आहे. तें गोठ्याजवळ सांडूं नये व उघड्या भांड्यांत ठेवूं नये. गुरें किंवा कुत्रीं तें पिऊन मरतील.

आतां ड्रायव्हरविषयीं दोन शब्द. कांटा चढलेला प्रथम त्यालाच दिसतो. त्यानें काम थांबविलें म्हणून मालक रागावूं लागला, तर पुढच्या वेळीं तो कांट्याकडे काणाडोळा करील, आणि हेड वांकल्यावरच मालकास बातमी कळेल. यास्तव "कांटा लाल भागाकडे चालला कीं भार काढ, आणि उतरत नसेल तर इंजिन बंद कर," अशी स्पष्ट आज्ञा त्यास असावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण त्यानें कदापि उघडूं नये. दाबाखालील वाफ तोंडावर येऊन मनुष्य भाजतो. तापलेल्या इंजिनांत थंड पाणीही ओतूं नये. त्यानें हेडास तडा जातो.

शेवटीं एक सूचना. झांकणाची व रेडिएटरची दाबपरीक्षा करण्याचें साधन एकेका मालकानें घेण्याजोगें नसलें, तरी संघानें एक घेऊन सभासदांस वापरूं देणें सहज शक्य आहे. मळणीपूर्वीं एक दिवस ठरवून गांवांतील ट्रॅक्टर एकत्र आणावेत, जाणत्या मिस्त्रीकडून वर सांगितलेली तपासणी सर्वांदेखत करवावी आणि ड्रायव्हरांसही तेथें बसवावें. ट्रॅक्टरचा हप्ता पीक बुडालें तरी चुकत नाहीं. मग ऐन सुगींत यंत्र उभें राहिल्यानें होणारी हानि आपण एका दिवसाच्या आळसापायीं कां सोसावी, याचा सभासदांनीं विचार करावा.